काचेपलीकडची हनुवटी

कानाच्या बाई एका जागी बसत नाहीत, हे सगळ्यांत आधी खालच्या चष्मेवाल्यानं ओळखलं. त्याचं दुकान तळमजल्यावर आणि बाईंच्या दोन खोल्या बरोबर त्याच्या डोक्यावर. "सव्वीस वर्षं तुमची पावलं ऐकतोय," तो जिन्यात भेटला की म्हणायचा. "पोर आत गेलं, पोर बाहेर आलं, आई रडली, सगळं मला खाली बसून कळतं. लोकांच्या भिंतींना कान असतात, माझ्या छताला आहेत."

बाई उभ्याउभ्या हसायच्या आणि दोन-दोन पायऱ्या एकदम चढून वर जायच्या, बावन्नाव्या वर्षीही. घरीही तेच. चहा उभ्यानं, पेपर ओट्याशी, फोन फेऱ्या मारत. सासूबाई म्हणायच्या, "आमची सूनबाई झोपते तेव्हासुद्धा निघायच्या तयारीत असते."

या घाईचं कारण बाई प्रत्येक नव्या आईला पहिल्याच दिवशी सांगत. "पहिल्या पाच वर्षांत कानात शब्द पडले तर ते आपसूक तोंडातून निघतात. नंतरही निघतात, पण ओढून काढावे लागतात. तेव्हा उद्यापासून नाही, आजपासून." आया घाबरत. घाबराव्यात म्हणूनच बाई तसं बोलत.

त्यांचा धाकटा भाऊ लहानपणी अडखळत बोलायचा. त्याला मीठ आणायला पाठवलं तर अर्ध्या वाटेतून परत यायचा, कारण दुकानदारासमोर 'म' निघणार नाही हे त्याला घरापासूनच माहीत असायचं. मग बाई त्याच्याबरोबर जायच्या आणि त्याच्या वतीनं बोलायच्या. सगळे कौतुक करायचे, बहीण असावी तर अशी. पुढे मुलांना ऐकायला-बोलायला शिकवण्याचं शास्त्र शिकायला गेल्यावर पहिल्या महिन्यात कळलं की जे करायचं नसतं ते आपण सात वर्षं मन लावून केलं. भाऊ आता मोठा होऊन बोलतो बऱ्यापैकी. पण फोन केला की बाई अजूनही त्याचं वाक्य संपायच्या आत पुरं करतात आणि मग जीभ चावतात.

दोन खोल्यांपैकी पुढच्या खोलीत बोलायला शिकवायचं. बुटकं टेबल, दोन बुटक्या खुर्च्या, एक भिंतभर आरसा, खेळण्यांचं कपाट. मागच्या खोलीत तपासणी. तिथे खोलीच्या आत आणखी एक खोली होती, जाड फोम लावलेली, शीतगृहासारख्या जड दाराची. दार बंद झालं की बाहेरचा रस्ता विझल्यासारखा व्हायचा. आत मूल आणि त्याची आई, बाहेर यंत्रापुढे बाई, मध्ये एक काच.

लहान मुलाला काही 'ऐकू आलं की सांग' म्हणून चालत नाही. त्याच्या हातात एक रंगीत कडी द्यायची. कडी गालाशी धरून मुलानं वाट बघायची, आणि यंत्रातून बारीकसा आवाज आला की कडी समोरच्या लाकडी खांबात टाकायची. आवाज लहान लहान करत न्यायचा. कडी पडेनाशी झाली की कळतं, या पोराचं ऐकणं इथवर आहे. सगळा खेळ त्या कडीचा.

पूर्वी या खेळात बाईंच्या मदतीला एक मावशी होत्या. त्या आत मुलासमोर बसून त्याचं लक्ष खेळाकडे ठेवायच्या. दोन वर्षांपूर्वी त्या आपल्या मुलीकडे राहायला गेल्या आणि त्यांच्या जागी बाईंना कुणी पसंत पडेना. एक आली ती पोरांना फार हसवायची, दुसरी स्वतःच पेंगायची. "मी एकटी करीन," बाई म्हणाल्या. एकटीनं केलं की कामं लवकर होतात, अशी त्यांची पक्की समजूत. त्याच सुमाराला यंत्रावरचे आकडे धूसर दिसायला लागले, तेव्हा खालच्या चष्मेवाल्यानं त्यांना दुहेरी भिंगाचा चष्मा करून दिला. वरच्या भागातून लांबचं, खालच्या भागातून जवळचं. पहिले चार दिवस बाई जिन्यात ठेचकाळल्या, मग सवय झाली.

मुंगी त्यांच्याकडे मंगळवारी आणि शुक्रवारी यायची. मुंगी हे घरातलं नाव, बापानं ठेवलेलं, कारण रांगायला लागल्यापासून ती काही ना काही उचलून दुसरीकडे नेऊन ठेवायची. चमचा चपलांत, चप्पल उशीखाली. दोन वर्षांची असताना मोठ्या दवाखान्यात तिला झोपवून कानांची तपासणी झाली होती आणि दोन्ही कान फार कमी ऐकतात असं निघालं होतं. कानामागे यंत्रं बसवली. कानाचे डॉक्टर म्हणाले होते, वर्ष-दीड वर्ष बघू. यंत्रांनी भागलं तर उत्तम. नाही भागलं तर ऑपरेशन करून कानाच्या आत यंत्र बसवू, पण मग उशीर नको.

मुंगी साडेतीन वर्षांची झाली तेव्हा बाईंनी तिला यंत्रं घालून काचेच्या आत बसवलं. मुंगीनं कडी गालाशी धरली, डोळे मोठे केले आणि टपाटप कड्या टाकल्या. इतकी छान तपासणी बाईंनी वर्षात केली नव्हती. यंत्र घातल्यावर कुजबुजीपेक्षा थोडा मोठा आवाजही ऐकते, असा कागद त्यांनी दवाखान्यात पाठवला आणि डॉक्टरांनी ऑपरेशनच्या यादीतून मुंगीचं नाव काढलं. मुंगीची आई एका मोठ्या लॉन्ड्रीत चादरींच्या घड्या घालायचं काम करायची. त्या दिवशी तिनं म्हणे इस्त्रीवाल्यापासून मालकापर्यंत सगळ्यांना थांबवून थांबवून सांगितलं.

त्याला आता चौदा महिने झाले होते. मुंगी पाच वर्षांची व्हायला चार महिने उरले होते आणि तिच्या तोंडात वीस शब्दही नव्हते. जे होते तेही कडा झिजलेल्या नाण्यांसारखे, घरच्यांनाच ओळखू येणारे. तोंडाकडे बघून मात्र तिला सगळं कळायचं. बाई शिकवताना भरतकामाच्या गोल चौकटीला पातळ कापड ताणून ती तोंडासमोर धरायच्या, म्हणजे मुलानं ओठ न बघता ऐकावं. मुंगी ती चौकट ओढायची. ओढू दिली नाही तर टेबलाखालून येऊन बाईंच्या मांडीवर चढायची आणि खालून तोंड बघायची.

"हट्टी आहे," बाई म्हणायच्या. "कान चांगले चाललेत, तपासणी सांगतेय. मग अडतंय कुठे? घरी बोलता का तिच्याशी?"

"बोलते ना मॅडम. सारखी बोलते."

"नुसतं बोलून काय उपयोग. टीव्ही चालू असेल दिवसभर."

आई मान खाली घालायची. वाफेनं तिचे हात कोपरापर्यंत लाल असायचे. घरच्या सरावाच्या वहीत बाई तारीख घालून लिहायच्या: 'घरी सराव कमी पडतो.' असं त्यांनी चौदा महिन्यांत बऱ्याचदा लिहिलं.

एका शनिवारी दुपारी सासूबाई तपासणीला आल्या. आल्या म्हणजे बाईंनी त्यांना आणलं. सासूबाई एक्क्याऐंशीच्या, आणि दिव्याखाली अंधार म्हणावा तसं त्यांचं श्रवणयंत्र बटणांच्या डब्यात पडून असायचं. शिट्ट्या वाजतात, कान गरम होतो, आणि मुख्य म्हणजे ते म्हातारे लोक घालतात. सकाळीच दारावर गॅसवाला घंटा वाजवून वाजवून परत गेला होता. त्यावरून घरात बोलाचाली झाली.

"त्यानं वाजवलीच नसेल," सासूबाई म्हणाल्या.

"शेजारच्या घरात ऐकू आली."

"त्यांचे कान लांबच आहेत पहिल्यापासून. तू माझी तपासणी कर. खरं-खोटं होऊन जाऊ दे."

त्यांना काचेच्या आत बसवून कानाला हेडफोन लावले आणि हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. आणि बाईंच्या डोळ्यांदेखत सासूबाईंनी असे काही नेमके ठोके दिले की बाई चक्रावल्या. तीन वर्षांपूर्वीपेक्षा चांगले कान. म्हातारपणी कान सुधारल्याचं कुणी ऐकलंय? बाईंनी यंत्राची वायर काढून पुन्हा लावली, हेडफोन स्वतःच्या कानाला लावून बघितले. सगळं ठीक.

सासूबाई बाहेर आल्या त्या विजयी वीरासारख्या. "बघितलंस? आता तो डबा टाकून दे."

"आई, तुम्हाला खरंच ऐकू येत होतं?"

"म्हणजे काय." त्या जिना उतरायला लागल्या, पण एवढा पराक्रम पोटात ठेवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. मधल्या पायरीवर थांबल्या आणि कठडा धरून म्हणाल्या, "अगं, ऐकायचं कशाला? तू बटण दाबायच्या आधी हनुवटी वर करतेस. कोंबडी पाणी पिते ना, तशी. तुझी हनुवटी वर, माझा अंगठा खाली. एवढी वर्षं तुझ्या घरात काढली, तुझा चेहरा वाचता येणार नाही होय मला?"

बाई एक पाय खालच्या पायरीवर ठेवून तशाच उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "तुम्ही चष्म्याच्या दुकानात बसा. मी आलेच."

वर जाऊन त्या यंत्रापुढच्या खुर्चीत बसल्या. आतला दिवा घालवला, तसं काचेत त्यांचं स्वतःचं प्रतिबिंब स्पष्ट दिसलं. त्यांनी आकडा बघितला. भिंगाच्या खालच्या भागातून तो दिसायला हनुवटी वर गेली. बटण दाबलं, हनुवटी खाली आली. पुढचा आकडा, हनुवटी वर. दर वेळी, न चुकता. पोरानं कडी टाकायला हवी ती आवाजाला, आणि बाई काचेपलीकडून त्याला खूण करत होत्या: टाक, आता टाक.

त्या शनिवारी खालच्या चष्मेवाल्यानं डोक्यावर जेवढी पावलं ऐकली तेवढी सव्वीस वर्षांत ऐकली नसतील. बाईंनी चष्मा घेतल्यापासूनच्या सगळ्या फायली बाहेर काढल्या. काचेच्या आत बसलेली एकोणीस पोरं. पुष्कळांची काळजी नव्हती. त्यांची झोपवून केलेली तपासणी आणि त्यांचं बोलणं, दोन्ही बाईंच्या आकड्यांशी जुळत होतं. चार फायलींवर मात्र त्यांनी पेन्सिलनं खूण केली. तीन पोरांबद्दल शंका होती. चौथी फाईल मुंगीची, आणि तिथे शंकेला जागाच नव्हती. लख्ख दिसत होतं. जी पोर ओठांवरून अख्खं घर वाचते तिला हनुवटी काय जड. चौकट ओढणं हा तिचा हट्ट नव्हता. चौकटीआड ती आंधळी होत होती.

आणि हे ध्यानात यायला आपल्याला चौदा महिने आणि स्वतःची सासू लागली.

रविवारी बाईंनी घरात एका कामातून दुसऱ्या कामात उड्या मारल्या. कपाट आवरायला काढलं आणि अर्ध्यावर टाकलं. भाजी चिरली ती दुप्पट. शेवटी नवऱ्यानं विचारलं तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं. नवरा विमा कंपनीत लोकांचे दावे तपासायच्या कामावर. शांत, नीटनेटका, प्रत्येक गोष्टीला एक फॉर्म असतो असं मानणारा.

"पुन्हा तपासणी घे," तो म्हणाला. "निकाल वाईट येईल. मग दवाखान्याला कळव की ऐकणं कमी झालंय. पोरांचे कान उतरतात की नाही मधेच?"

"उतरतात."

"मग झालं. पोरीचं काम होतंय ना? ऑपरेशन होईल. तू काय केलंस नि काय नाही, त्यानं तिला काय फरक पडतो?"

"अहो, पण तो उतरलेला नाही. तो पहिल्यापासून तसाच आहे."

"हे तुला आणि आईला माहीत आहे. आईला तर ऐकूही येत नाही." तो स्वतःच्या विनोदावर थोडा हसला, मग थांबला. "अगं, मी रोज बघतो. माणूस चूक कबूल करायला जातो आणि समोरचा त्याचंच शस्त्र करतो. सव्वीस वर्षांचं नाव आहे तुझं."

बाईंनी चिरलेली भाजी उगाच पुन्हा धुतली. नवऱ्याचं बोलणं चुकीचं नव्हतं, हीच पंचाईत. पोरीचं काम दोन्ही वाटांनी होणार होतं. मग दुसरी वाट का नको? याचं उत्तर त्यांना ओट्याशीही सापडेना, गॅलरीतही नाही, आणि सोमवारभर शिकवतानाही नाही. एका पोराला 'प' शिकवताना त्यांनी त्याच्यासमोर कागदाचा कपटा धरला आणि फुंकायचं सोडून स्वतःच बघत राहिल्या. पोरानं त्यांच्या नाकाला बोट लावलं तेव्हा भानावर आल्या.

मंगळवारी साडेपाचला मुंगी आणि तिची आई आल्या. बाईंनी काचेवर पुठ्ठा चिकटवून ठेवला होता. त्याला डोळ्यापुरतं एक भोक.

"हे काय मॅडम?" आईनं विचारलं.

"आज अशी तपासणी करायची. तुम्ही नेहमीसारख्या तिच्या मागे बसा. आवाज आला तरी हलायचं नाही."

मुंगीनं कडी गालाशी धरली आणि काचेकडे बघितलं. काचेत पुठ्ठा. तिनं मान वाकडी करून बघितलं. मग खुर्चीवर गुडघे टेकून उंच होऊन बघितलं. बाईंनी भोकाला डोळा लावला आणि बटण दाबलं. गेल्या खेपेला जिथे टपाटप कड्या पडल्या होत्या तो आवाज. कडी गालाशीच. बाईंनी आवाज वाढवला. कडी गालाशी. आणखी वाढवला. मुंगीमागे बसलेल्या आईला हे सगळं ऐकू येत होतं. भोकातून बाईंना तिचा चेहरा दिसत होता. पहिल्या आवाजाला तिनं पोरीच्या पाठीकडे बघितलं. तिसऱ्याला ती पुढे वाकली. पाचव्याला तिनं स्वतःचे हात मांडीखाली दाबून धरले, हलायचं नाही म्हणून सांगितलं होतं ना. आवाज भांडं पडल्याइतका झाला तेव्हा कुठे मुंगी दचकली आणि तिनं कडी टाकली. बारीक, चिरक्या आवाजांना तर यंत्राचा शेवटचा आकडा आला तरी नाही. कंटाळून ती खुर्चीवरून उतरली आणि पुठ्ठ्याची कड नखानं उचकटायला लागली. तिला बाईंचा चेहरा हवा होता.

जड दार उघडून आई बाहेर आली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. "मॅडम, एवढा मोठा आवाज होता. माझ्या कानाला लागला." मग तिनं घाईघाईनं विचारलं, "कान उतरला का तिचा? गेल्या महिन्यात सर्दी झाली होती तिला. खूप झाली होती. त्यानं उतरला असेल का?"

म्हणजे बाईंनी नुसती मान हलवायची होती. खोटं तयार होऊन, घडी घालून समोर आलं होतं, आणि तेही आईनं स्वतःवर घेऊन. सर्दी झाली, मी लक्ष दिलं नाही. घरी जाऊन ती हेच सांगणार, आणि ते ऐकणारे तिला हेच ऐकवत राहणार. दोन दिवस जे उत्तर सापडत नव्हतं ते असं समोर येऊन उभं राहिलं तेव्हा बाईंना आधी त्याचा रागच आला.

"सर्दीनं नाही," त्या म्हणाल्या. "बसा."

आई बसली नाही. बाईही उभ्याच. मुंगी दोघींच्या मधे, एकदा हिच्या तोंडाकडे, एकदा तिच्या.

बाईंनी सांगितलं. चष्मा, आकडे, हनुवटी. करून दाखवलं, तेव्हा मुंगीनं हातातली कडी लगेच जमिनीवर टाकली आणि शाबासकीसाठी वर बघितलं. त्यानंतर काही समजावून सांगायला उरलं नाही.

आईनं वाकून जमिनीवरची कडी उचलली. मग म्हणाली, "म्हणजे तिला ऐकू येतच नव्हतं."

"मोठे आवाज थोडे. बोलणं नाही. फार तर 'आ', 'ओ'."

"आणि तुम्ही म्हणालात, टीव्ही चालू असेल दिवसभर."

"म्हणाले."

"आम्ही टीव्ही काढून ठेवला. कपाटावर चादर घालून ठेवलाय. मुंगीचे बाबा मॅच बघायला शेजारी जातात." तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बाईंना बरं वाटलं असतं. "तुम्ही वहीत लिहायचात. ती वही माझ्या सासूबाई नातवाकडून वाचून घेतात. दर मंगळवारी, दर शुक्रवारी. आईचीच जीभ आळशी, पोर काय बोलणार, असं म्हणतात. मी लॉन्ड्रीत घड्या घालताना सुद्धा बोलायची, सवय राहावी म्हणून. बाजूच्या बायका म्हणायच्या, ही चादरींशी बोलते."

बाईंना माफ करा म्हणायचं होतं. शब्द तोंडाशी आला, पण समोरच्या बाईनं तो घ्यायचा तर तिला कुठलं तरी सामान खाली ठेवावं लागलं असतं, आणि तिचे हात आधीच भरलेले होते. म्हणून बाई म्हणाल्या, "ऑपरेशनची वेळ गेलेली नाही. उशीर झालाय. चौदा महिने माझ्यामुळे गेले, ते परत येणार नाहीत, आणि पुढे तिला शिकायला जास्त कष्ट पडतील. पण गेलेली नाही. मी आत्ता दवाखान्यात फोन करते."

केला. डॉक्टर ऑपरेशनमध्ये होते. यादी बघणारी मुलगी म्हणाली, नाव नव्यानं घातलं तर अकरा आठवड्यांनी नंबर लागेल. बाई फेऱ्या मारत बोलत होत्या. "नव्यानं नाही. तिचं नाव होतं, माझ्या कागदामुळे काढलं गेलं. तो कागद चुकीचा होता." पलीकडची म्हणाली, तसं लेखी द्या, डॉक्टरांच्या सहीनं जुना नंबर परत मिळतो कधी कधी. पण कारण स्पष्ट लिहा, नाही तर कुणी वाचत नाही.

बाई टेबलाशी बसल्या आणि लिहायला लागल्या. आई त्यांच्या खांद्यामागे येऊन उभी राहिली. एरवी कुणी असं मागे उभं राहिलेलं बाईंना खपत नसे.

"वाचून दाखवा," आई म्हणाली.

"'माझ्या तपासणीच्या पद्धतीत त्रुटी राहिल्यामुळे,'" बाईंनी वाचलं.

"त्रुटी म्हणजे?"

"चूक."

"मग चूक लिहा. आणि पद्धतीत नको. पद्धत कोण आहे आमच्या ओळखीची?"

बाईंनी कागद फाडला आणि दुसरा घेतला. 'माझ्याकडून चूक झाली. चौदा महिन्यांपूर्वीची तपासणी मी चुकीची घेतली. मुलीला ऐकू येत नव्हतं, ती माझ्या चेहऱ्याकडे बघून उत्तरं देत होती. आईनं घरी केलेल्या सरावात काही उणं नव्हतं.' शेवटचं वाक्य डॉक्टरांना कशाला हवं, असं त्यांच्या मनात आलं, पण ते राहू दिलं.

"याच्या दोन प्रती करा," आई म्हणाली. "एक मला घरी न्यायचीय."

प्रत काढताना यंत्र घरघरत होतं तेव्हा बाईंनी विचारलं, "शुक्रवारी येणार का तुम्ही? दुसऱ्या कुणाकडे जायचं असेल तर मी पत्ता देते. चांगल्या आहेत त्या, फक्त लांब आहेत."

आईनं कागदाची घडी घातली. चादरीची घालावी तशी, कडेला कड लावून, तळव्यानं दाबून. "लांब म्हणजे अर्धी रजा टाकावी लागेल," ती म्हणाली. "येईन शुक्रवारी. पण आता मी मागे बसणार नाही. तुमच्या बाजूला बसणार. तुमच्याकडे बघणार."

"बसा."

"आणि मला टोचून बोलायचं नाही."

"नाही."

मुंगीनं तेवढ्यात खांबाजवळच्या सगळ्या कड्या आणून आईच्या पिशवीत भरल्या होत्या. आईनं त्या एक एक करून परत टेबलावर ठेवल्या, पोरीचा हात धरला आणि मागे न बघता जिना उतरली. दारात तिनं नेहमीसारखं 'येते मॅडम' म्हटलं नाही. बाईंच्या ते लक्षात आलं आणि त्यांनी ते लक्षात असू दिलं.

दवाखाना आठपर्यंत उघडा असायचा, कागद आजच पोचला असता. आत्ता निघालं तर डॉक्टर बाहेर पडायच्या आत जिन्यात गाठता आले असते. बाईंनी पर्स उचलली, ठेवली, पुन्हा उचलली. टेबलावर पेन्सिलची खूण केलेल्या तीन फायली होत्या. वरच्या फाईलवरच्या मुलाचा बाप तापट होता, आणि परवाच त्यानं बाईंचे आभार मानायला पत्नीला खास पाठवलं होतं. त्यांनी उभ्यानंच त्याचा नंबर लावला. घंटी वाजत राहिली, कुणी उचललं नाही. बाईंनी कागद काखेत धरला, दाराला कुलूप घातलं आणि जिना उतरता उतरता तोच नंबर पुन्हा लावला.